काय, किती, कधी

“नाही हो, काहीच खाल्लं नाही त्यानं!”

जनावरांच्या दवाखान्यात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच. सांगणाऱ्याच्या कडेवर कुत्रं असतं, कुत्र्याच्या तोंडाला फेस आलेला असतो, पाय ताठ झालेले असतात, आणि मालक मात्र छातीठोकपणे सांगत असतो की स्वारी सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे. कंपाउंडरबाई त्याच्याकडे बघतात, “बरं, बरं,” म्हणतात आणि रबरी हातमोजे चढवायला लागतात. सत्तावीस वर्षं त्या हे ऐकत आल्या आहेत. या वाक्यावर त्यांनी एकदाही विश्वास ठेवलेला नाही, आणि एकदाही कुणाला खोटारडा म्हटलेलं नाही.

कंपाउंडरबाई हा काही त्यांचा हुद्दा नव्हे. कागदावरचा हुद्दा चांगला लांबलचक आहे, पण तो त्यांना स्वतःलाही एका दमात सांगता येत नाही. बांधा बुटका, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा खणखणीत की बाहेर बांधलेली म्हैससुद्धा मान वळवून बघते. औषधं काढून देणं, जनावर धरणं, सलाईनसाठी शीर शोधून देणं, फरशी पुसणं आणि रडणाऱ्या मालकाला बाकावर बसवून पाण्याचा पेला हातात देणं, ही सगळी कामं त्यांचीच. डॉक्टर येतात, बदली होऊन जातात. सध्याचे डॉक्टर सहावे आणि वयाने सगळ्यांत लहान. दवाखान्याच्याच माडीवर राहतात, आणि पहिल्याच आठवड्यात शहाणपणा करून त्यांनी एक गोष्ट ओळखली, की इथे कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त बाईंना ठाऊक आहे. तेव्हापासून दोघांचं बरं चाललंय.

विषबाधेचं जनावर आलं की बाईंचे प्रश्न ठरलेले. काय? किती? कधी? बस, तीनच.

“काय” हे विचारलं तर कोणी सांगत नाही, म्हणून बाई वेगळं विचारतात. “घरात काय काय आहे ते सांगा. नाहीतर असं करा, तुम्ही जा आणि सगळं पिशवीत भरून आणा. रिकामी पाकिटंसुद्धा. कचऱ्याचा डबा उपडा करून आणलात तरी चालेल. आणि हो, त्यानं ओकलेलं असेल ते फेकू नका, डब्यात घालून आणा.” लोक आणतात, जेवणाच्या डब्यात आणतात, आणि बाई तो डबा नाकाशी धरून शांतपणे वास घेतात. बघणाऱ्यालाच मळमळतं.

“किती” याला उत्तर येतं, “थोडंसंच.” मग बाई कपाटातून तीन चमचे काढून टेबलावर मांडतात आणि म्हणतात, “यातला कुठला?” आणि “कधी” याचं उत्तर तर सगळ्यांत महत्त्वाचं. पोटात गेल्याला तास-दीड तासच झाला असेल तर डॉक्टर ओकारी काढून किंवा कोळशाची भुकटी पाजून बरंच काही वाचवू शकतात. पुढे गेलं की ते रक्तात उतरतं, मग नुसती ओकारी काढून भागत नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या कुत्रीने उंदराचं औषध खाल्लं आणि तीन दिवस मजेत हुंदडली. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त! गोळ्या सुरू झाल्या, दोन दिवसांत पुन्हा उड्या मारायला लागली. इस्त्रीवाला म्हणाला, झालं, बरी झाली. बाई म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतील तेव्हा बरी झाली. एक जरी गोळी चुकवलीत तर माझ्याशी गाठ आहे.” आणि महिनाभर रोज सकाळी कामावर येताना त्याच्या टपरीसमोर थांबून “आजची दिली?” असं विचारूनच पुढे सरकल्या. बिचारा स्वतःच्या आजारपणात इतका घाबरला नसेल.

घरगुती उपाय करून आलेल्यांना मात्र त्या झापतात. मिठाचं पाणी पाजून आणलंत? अहो, विष राहिलं बाजूला, मिठानंच मरेल तो! ॲसिड प्यायलेल्याला ओकायला लावलंत? जाताना घसा भाजला, येताना पुन्हा भाजणार, कळत कसं नाही तुम्हाला! पण हे सगळं जनावर सावरल्यावर. आधी श्वास चालू आहे का, अंगाला झटके येतायत का, अंगावर औषध सांडलंय का, ते बघायचं. विष कुठलं ते नंतर, आधी जनावर. हा त्यांचा क्रम सहा डॉक्टर झाले तरी बदललेला नाही.

आणि एक चौथा प्रश्न आहे, जो त्या दवाखान्यात कोणीही विचारायचा नाही. “कोणी?” कोणी दिलं, कोणी ठेवलं, कोणाच्या हातून सांडलं. नवीन डॉक्टर आला की पहिल्या दिवशी बाई त्याला किल्ल्या देतात आणि हे सांगतात.

त्याला कारण आहे. बाई नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं. एका घरची चार-पाच माणसं मिळून एक मोठा कुत्रा घेऊन आली. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, अंगभर कापरं. तेव्हाचे डॉक्टर माणूस भला, पण तोंडाने फटकळ. टेबलावर कुत्रा बघितला आणि कडाडले, “हे कोणी केलं?” झालं! सासूने सुनेकडे बघितलं, सुनेने नवऱ्याकडे बघितलं, दिराने शेजाऱ्याचं नाव घेतलं, आणि दवाखान्याच्या अंगणात जे जुंपलं ते जुंपलं. काय झालंय ते कोणीच सांगेना. डॉक्टरांनी अंदाजाने इंजेक्शन दिलं, त्याने थोडा वेळ बरंही वाटलं, पण कुत्रा काही उठला नाही. चार दिवसांनी सून एकटीच आली आणि बाईंच्या हातात गोचिडाच्या औषधाची रिकामी बाटली ठेवली. बादलीभर पाण्यात झाकणभर घालायचं ते औषध. तिने पाणी न घालताच अंगाला चोळलं होतं, गोचिडं लवकर जातील म्हणून. “तेव्हाच सांगितलं असतं तर वाचला असता का हो?” तिने विचारलं. बाईंना उत्तर ठाऊक होतं. केसांत ते औषध तसंच होतं आणि कातडीतून आत झिरपत होतं. हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने नुसतं धुतलं असतं तरी बराच फरक पडला असता. पण त्या सुनेला काय सांगणार? “सांगता येत नाही,” म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला.

ती रिकामी बाटली त्यांनी फेकली नाही. औषधांच्या कपाटाच्या खालच्या खणात एका बरणीत ठेवली आणि बरणीला चिठ्ठी चिकटवली. काय, किती, कधी, अशा तीन ओळी. आता त्या खणात तीसेक बरण्या आहेत. कण्हेरीची वाळलेली पानं आहेत, कुरतडलेली बॅटरी आहे, गाईच्या जिभेने चाटून गुळगुळीत झालेला जुन्या रंगाचा पोपडा आहे. नवीन डॉक्टरांना बाई तो खण उघडून दाखवतात. डॉक्टर कॉलेजात काय शिकले असतील ते असो, पण या खणापुढे तेही उकिडवे बसतात.

तर अशी ही बाई. दवाखान्यात शांत, समजूतदार, कोणाच्या चुकीला हात न लावणारी. आणि घरी?

घर दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण आणि अंगणात नळ. घरात बाई, वायरमनचं काम करणारा नवरा, आणि एक्याऐंशी वर्षांचे सासरे. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. शिवाय एक बोका. कुठलंही भांडं खाली ठेवलं की हा आधी येऊन तपासणार, झाकण असलं तरी हुंगणार, म्हणून त्याचं नाव पडलं इन्स्पेक्टर. तसा तो घराचा, पण खरा अप्पांचा. अप्पांच्या खाटेवर पायथ्याशी झोपतो, अप्पा उठले की उठतो, अप्पा अंगणात गेले की मागोमाग.

अप्पा हल्ली विसरायला लागले होते. फार नाही, पण घराला पुरेसं. अंगणातला नळ चालू ठेवायचे आणि टाकी रिकामी व्हायची. पुढचं दार उघडं टाकायचे. गॅसवर चहा ठेवून खाटेवर जाऊन बसायचे. मग बाईंचा तो खणखणीत आवाज घुमायचा. “नळ कोणी चालू ठेवला? दार कोणी उघडं टाकलं? हे भांडं कोणी जाळलं?” आता घरात दिवसभर असतात कोण? अप्पा आणि बोका. बोक्याला काही नळ सोडता येत नाही. म्हणजे प्रश्न कशाला, सरळ आरोपच. अप्पा म्हणायचे, “मी नाही.” सुरुवातीला हळू आवाजात म्हणायचे. मग अशी सवय लागली की बाईंनी नुसतं “अप्पा” म्हटलं तरी आतून आवाज यायचा, “मी नाही!” नवऱ्याला हसू यायचं. बाईंना राग यायचा. त्यात आपलं काही चुकतंय असं मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

त्या दिवशी बाई दुपारी सव्वा वाजता जेवायला घरी आल्या. नवरा कामावर होता. इन्स्पेक्टर दाराशी आला नाही, तेव्हाच त्यांना खटकलं. खाटेखाली वाकून बघितलं तर बोका भिंतीला टेकून बसलेला, हनुवटी लाळेने ओली, पोटाचा भाता भराभर हलतोय. बाजूला थोडं ओकलेलं. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं, ओठ वर करून हिरड्या बघितल्या. एरवीचा गुलाबी रंग नव्हता, राखाडी झाक होती.

अप्पा खाटेवर बसले होते. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर.

आणि बाई ओरडल्या. सत्तावीस वर्षांत कुणावर ओरडल्या नव्हत्या तशा ओरडल्या. “कोणी दिलं याला? सांगा, कोणी दिलं? अप्पा, कोणी दिलं याला काय?”

“मी नाही.”

“घरात दुसरं आहे कोण? खरं सांगा!”

“मी नाही म्हटलं ना! मी काही नाही केलं.”

बाईंनी बाजारची पिशवी घेतली, बोक्याला आत घातलं आणि निघाल्या. जेवण राहिलं, दार उघडंच राहिलं. ते कोणी उघडं टाकलं हे विचारायला त्या वेळी कोणी नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर डबा उघडून बसले होते. बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि एका श्वासात सांगून टाकलं, “झुरळांचा फवारा. परवा यांनी स्वयंपाकघरात मारलाय. ओट्याखाली चाटलं असणार मेल्यानं. लाळ बघा. ॲट्रोपिनचं इंजेक्शन काढते.” आणि खरंच कपाटाकडे वळल्या.

“थांबा बाई,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी बोक्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. “फवाऱ्याचं विष असतं तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या व्हायला हव्यात. या चांगल्या मोठ्या आहेत. कापरं नाही, स्नायू थरथरत नाहीत. आणि हिरड्यांचा हा रंग मला आवडत नाही. हे दुसरंच काहीतरी आहे. मी ऑक्सिजन लावतो, पण नेमकं औषध द्यायचं तर काय गेलंय ते कळायला हवं.” मग जरा थांबून, अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “तुमचे ते तीन प्रश्न विचारलेत का घरी?”

बाई हातात बाटली धरून तशाच उभ्या राहिल्या. कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं त्यांना. काय विचारलं आपण? “कोणी” विचारलं. आधी तेच, मधे तेच, शेवटी तेच. ज्या प्रश्नापायी एक कुत्रा डोळ्यांदेखत गेला होता तोच.

“आलेच,” त्या म्हणाल्या.

परत जाताना त्या पळाल्या नाहीत. पळत आलेल्या माणसाला अप्पा आणखी घाबरले असते. इस्त्रीवाल्याने हाक मारली, त्याच्याकडे हात करून पुढे गेल्या. घराशी येऊन दारातच चपला काढल्या, आत जाऊन मटक्यातून दोन पेले पाणी घेतलं. एक अप्पांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन खाटेजवळ खाली फरशीवर बसल्या. अप्पांच्या डोळ्यांकडे बघितलं तर ते लाल झाले होते.

“गेला का तो?” अप्पांनी विचारलं.

“नाही. आहे. डॉक्टर बघतायत.”

“मी नाही काही केलं.”

“अप्पा, मी मघाशी ओरडले. चुकलं माझं.” लग्नाला बत्तीस वर्षं झाली, हे वाक्य या घरात त्यांनी सासऱ्यांना पहिल्यांदाच ऐकवलं. “कोणी दिलं ते मला नकोच आहे. ते मी विचारणारही नाही. आज नाही, उद्या नाही. मला फक्त एवढंच हवंय, त्याच्या पोटात काय गेलं, किती गेलं आणि कधी गेलं. तेवढं कळलं तर डॉक्टरांना काहीतरी करता येईल.”

अप्पा पाणी पीत राहिले, घोट घोट. बाईंना वाटत होतं उठून सगळं घर उलटंपालटं करावं, कचरा उपसावा. दर मिनिटाला तो बोका तिकडे एकेक श्वास ओढत असणार. पण त्या बसून राहिल्या. परक्या माणसासमोर एवढा वेळ रोज बसत होत्याच की.

शेवटी अप्पांनी पेला खाली ठेवला, उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि एक चुरगाळलेलं चंदेरी पाकीट काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं. तापाची गोळी! घरातलीच, बाईंच्याच डब्यातली, अप्पांना कणकण आली की बाईच त्यांना देत असत ती. माणसाला हलकी, मुलांना चालणारी गोळी, पण मांजराला तिचा तुकडासुद्धा विष. मांजराच्या अंगात ती पचवायची सोयच नसते. हे त्या दवाखान्यात शंभर लोकांना सांगत आल्या होत्या. घरात सांगायचं राहून गेलं होतं.

“सकाळी अंग गरम लागलं त्याचं,” अप्पा सांगायला लागले. “दोनदा शिंकला. दूध पिईना. तू कामावर गेलेलीस, कुणाला विचारू? मला ताप आला की तू ही देतेस. तूच म्हणतेस ना, औषध जास्त झालं की तेच विष. म्हणून मी पुरी नाही दिली. ब्लेडने बरोबर मधोमध कापली, तू कापतेस तशी. अर्धीच दिली, दुधाच्या सायीत. तेव्हा रेडिओवर साडेनऊच्या बातम्या चालल्या होत्या. मग बघितलं, काही फरक नाही. म्हणून उरलेली अर्धी दिली. तेव्हा साडेअकराचा भोंगा झाला होता. मग तो खाटेखाली गेला आणि...”

बाईंनी डोळे मिटून घेतले. रोज दहा जणांना हा माणूस नळ विसरतो म्हणून सांगत होत्या, आणि काय, किती, कधी हे त्यांच्या दवाखान्यात कोणीही इतकं बिनचूक सांगितलं नव्हतं! चमचे मांडायचीसुद्धा गरज पडली नाही.

“अप्पा,” त्या म्हणाल्या, “चप्पल घाला. तुम्ही पण चला.”

दवाखान्यात पाकीट बघितल्याबरोबर डॉक्टरांनी “अच्छा!” म्हटलं आणि कागदावर औषधाचं नाव लिहिलं. यावरचा उतारा जनावरांच्या दवाखान्यात नव्हता, पण माणसांच्या मोठ्या दवाखान्याच्या औषध-दुकानात मिळणार होता. बाई या खेपेला मात्र पळाल्या. पदर खोचून, भर रस्त्यातून, छपन्नाव्या वर्षी.

खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी घेतली, वही उघडली. “पेशंटचं नाव?”

“इन्स्पेक्टर.”

“नाव हो, हुद्दा नाही.”

“नावच आहे ते!”

“वय?”

“चार.”

त्याने चष्म्यावरून बघितलं. “वजन?”

“साडेतीन किलो. आणि शेपूटही आहे त्याला. आता द्याल का औषध?” मागे रांगेतले लोक हसायला लागले, आणि त्या माणसाने वही मिटून डबी काढून दिली.

पहिला डोस तीनच्या आत गेला. पण विष आपलं काम करतच होतं. संध्याकाळपर्यंत हिरड्या गढूळ तपकिरी झाल्या, तोंड सुजलं, पुढचे पंजे सुजले. तपासणीसाठी काढलेलं रक्त लाल नव्हतं, चहासारखं तांबूस काळं होतं. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, “उतारा वेळेवर गेलाय. अजून दोन तास उशीर झाला असता तर मी काही बोललोच नसतो. पण दोन दिवस काही खरं नाही.” दर सहा तासांनी उतारा, सलाईन, ऑक्सिजन. पिंजऱ्यासमोर स्टुलावर अप्पा बसून. ते बोक्याला काहीतरी सांगत असायचे, हळू आवाजात, आणि कोणी जवळ आलं की गप्प व्हायचे. नवरा त्यांना न्यायला आला तर म्हणाले, “तू जा. मी इथे आहे.”

बाईंनी या वेळात घरी जाऊन दोन कामं केली. गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, “मांजराला यातलं काहीही नाही.” मग त्यांना वाटलं, एवढं लिहायला सत्तावीस वर्षं लागली. ओट्याशी उभं राहून त्या रडल्या, चांगल्या पोटभर, आणि तोंड धुऊन कामावर गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई फरशी पुसत होत्या. फडक्याची बादली त्यांनी पिंजऱ्याशेजारी ठेवली, आणि जाळीतून एक सुजरं तोंड पुढे आलं आणि बादली हुंगायला लागलं. “डॉक्टर!” बाई ओरडल्या, “डॉक्टर, तपासणी सुरू झाली!” डॉक्टर माडीवरून अर्धी दाढी करून धावत आले. हिरड्यांना पुसटसा गुलाबी रंग परतला होता. अप्पांचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडलेला बाईंना स्पष्ट दिसला.

त्याच दुपारी त्यांनी ते चुरगाळलेलं पाकीट एका नव्या बरणीत घातलं आणि चिठ्ठी लिहायला बसल्या. अप्पा शेजारी येऊन उभे राहिले. तापाची एक गोळी. दोन अर्ध्या. साडेनऊ आणि साडेअकरा. अप्पांनी ते दोनदा वाचलं.

“नाव नाही लिहिलंस?”

“नावाला ओळच नसते अप्पा,” बाई म्हणाल्या. “बघा हवं तर.” आणि त्यांनी खालचा खण उघडून दिला. अप्पांनी गुडघ्यावर हात ठेवून वाकून एकेक बरणी बघितली. तीस बरण्या होत्या आणि एकावरही कुणाचं नाव नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने आपली बरणी शेवटी ठेवली.

इन्स्पेक्टर आठवड्याने घरी आला. उजव्या कानाचा एक तुकडा थोडा वाळून गेला तेवढाच, बाकी तपासण्या पूर्ववत. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाई संध्याकाळी कामावरून आल्या, दारात चपला काढल्या आणि त्यांना मागून पाण्याचा आवाज ऐकू आला. अंगणात गेल्या. नळ सोडलेला, बादली भरून वाहतेय, पाणी पार कुंपणापर्यंत गेलंय, आणि बोका कोरड्या दगडावर बसून त्याची पाहणी करतोय. नेहमीचा प्रश्न बाईंच्या अगदी ओठावर आला. त्यांनी तो गिळला, वाकून नळ बंद केला आणि पदराला हात पुसले.

नळ बंद झाल्याचा आवाज आत गेला असावा. खाट करकरली. आतून अप्पांचा आवाज आला, जरासा कापरा, पण मोठा.

“सूनबाई! अंगणातला नळ. अर्धी टाकी गेली असेल. पाच वाजता सोडला.” आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, “मीच.”